पॉलिमरेज फिरत नाही, मग पीळ जातो कुठे?

प्रश्न दोन भागांत विचारला आहे. पहिला भाग: ट्रान्सक्रिप्शनच्या वेळी, म्हणजे जनुक वाचून त्याची आरएनए प्रत बनताना, ती प्रत बनवणारे विकर (एन्झाइम) आरएनए पॉलिमरेज डीएनएचे दोन पेड पुढे उलगडते आणि मागे ते पुन्हा मिटतात. जेवढे उघडले तेवढे बंद झाले, हिशेब जागच्या जागी मिटला. मग पीळ सोडवणारे टोपोआयसोमरेज हे विकर कशाला लागते? दुसरा भाग: जिवाणूंचा डीएनए गोल असतो म्हणून तिथे पीळ अडकतो हे पटते, पण माणसाच्या गुणसूत्रांना तर दोन मोकळी टोके आहेत. पीळ तिथून निघून का जात नाही?

दोन्ही शंका रास्त आहेत. माझी बरीच वर्षे प्लाझ्मिडच्या (जिवाणूंतल्या लहान गोल डीएनएच्या) पिळाचे जेल चालवण्यात, म्हणजे मऊ थरातून विजेने डीएनए ओढून त्याचे रेणू वेगळे करण्यात, गेली आहेत, आणि पहिली शंका मला शिकलेल्या लोकांतही वारंवार भेटते, कारण पाठ्यपुस्तकातले चित्रच तिला खतपाणी घालते. त्या चित्रात दोन पेडांमध्ये एक बुडबुडा दिसतो आणि तो डावीकडून उजवीकडे सरकतो. कोण कशाभोवती फिरते हे चित्रात दिसत नाही, आणि सगळी गोष्ट तर तिथेच आहे.

आधी एक प्रयोग करा. दोन पेडांची जाडसर दोरी घ्या, हातभर लांब. दोन्ही टोके खिळ्यांना अशी बांधा की ती फिरणार नाहीत. मधोमध दोन पेडांच्या फटीत एक पेन्सिल आडवी खुपसा. आता पेन्सिल अजिबात फिरू न देता, तशीच आडवी धरून, दोरीच्या लांबीने पुढे ढकला. चार बोटे जाईपर्यंत फारसे काही जाणवत नाही. मग पुढचे पेड आवळत जातात, बोटाला ते कडक लागतात, आणि पेन्सिल अडते. मागे पाहा: तिथले पेड सैल पडलेले दिसतील, फट डोळ्यांना दिसेल इतके. दोरी थोडी ढिली बांधली असेल तर पुढचा आवळलेला भाग स्वतःवरच वळून आढी घेतो. आता पेन्सिल पुन्हा मध्यावर आणा आणि या वेळी पेडांच्या वळणाबरोबर तिला गोल फिरवत पुढे न्या. ती सरळ टोकापर्यंत जाते, कुठेही अडत नाही.

दोन्ही वेळा पेड उघडले आणि मिटले. फरक फक्त पेन्सिल फिरली की नाही एवढाच होता. म्हणजे ताण पेड उघडण्यातून येत नाही, न फिरता पुढे जाण्यातून येतो. पॉलिमरेजच्या आत डझनभर बेस-जोड्या (दोन पेडांना जोडणाऱ्या अक्षरांच्या जोड्या) उघड्या असतात, म्हणजे साधारण एका वेढ्याएवढा भाग. तो उघडण्याचा खर्च सुरुवातीला एकदाच होतो. पुढे बुडबुडा सरकतो तेव्हा समोर जितके उघडते तितके मागे मिटते, आणि इथपर्यंत तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. डीएनएची प्रत काढताना मात्र दोन पेड कायमचे वेगळे होतात, तेव्हा एकूण पिळाचाच हिशेब बदलतो. ट्रान्सक्रिप्शनमध्ये मूळ वेढ्यांवरच्या जादा पिळाची बेरीज शून्य राहते, पण तो वाटला जातो: पुढे जितका अधिक, मागे तितकाच उणा. पुढच्या पिळाला मी 'अधिक पीळ' म्हणेन, मागच्याला 'उणा पीळ'.

आता पॉलिमरेज पेडांबरोबर फिरत का नाही? तत्त्वतः फिरू शकते. पण तिच्या पाठीमागे नुकताच तयार झालेला आरएनए लोंबत असतो. जिवाणूंमध्ये त्या आरएनएवर रायबोसोम चढून प्रथिन बनवायलाही लागलेले असतात, आणि एकेक रायबोसोम पॉलिमरेजच्या कितीतरी पट जड असतो. आपल्या पेशींत आरएनए कापून जोडणारी यंत्रणा त्याच्या शेपटीवर बसलेली असते. एवढा पसारा गरागरा फिरवायचा म्हणजे पेशीरसाचा मोठा विरोध मोडायचा. शिवाय फिरलीच, तर आरएनए डीएनएभोवती गुंडाळला जाईल. डीएनएचा एक वेढा सुमारे 10.5 बेस-जोड्यांचा असतो. 3150 जोड्यांचे जनुक वाचून झाले की आरएनएचे डीएनएभोवती 300 वेढे पडलेले असतील, आणि ते सोडवायची नवी पंचाईत होईल. त्यापेक्षा डीएनएच स्वतःच्या अक्षाभोवती फिरणे सोपे, आणि बहुतांशी होतेही तसेच. 2001 साली जपानमधील संशोधकांनी काचेला चिकटवलेल्या एकेका पॉलिमरेजखाली डीएनए फिरताना सूक्ष्मदर्शकातून प्रत्यक्ष पाहिला. डीएनएच्या टोकाला एक मणी जोडला होता आणि तो मणी पेडांच्या वळणाप्रमाणेच फिरत होता.

वेगाचा अंदाज घ्या. ई. कोलाय जिवाणूची पॉलिमरेज सेकंदाला 50 न्यूक्लिओटाइड (आरएनएची अक्षरे) जोडते असे धरले, तर डीएनएला सेकंदाला जवळपास 5 वेढे फिरावे लागते. एखादे मिनिट हे चालले तर सुमारे 285 वेढे. हे वेढे बाहेर पडायला वाट नसेल तर पॉलिमरेज लवकरच थांबते. 2013 साली एकेका रेणूवर मोजले गेले तेव्हा ई. कोलायची पॉलिमरेज साधारण 11 पिकोन्यूटन-नॅनोमीटर एवढ्या पिळाच्या जोराला अडली. हा आकडा लहान वाटेल, पण डीएनएचे पेड एकमेकांपासून सुटायला एवढा जोर पुरतो. म्हणजे पॉलिमरेज थकून थांबेपर्यंत आजूबाजूच्या डीएनएचे रूप बदलून टाकण्याएवढी ताकद तिच्यात आहे. माझ्या मते या सबंध विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण म्हणतो. डीएनएच्या बाबतीत ही म्हण गणिताच्या नियमासारखी लागू पडते. दोन्ही टोके बांधलेल्या किंवा गोल डीएनएमध्ये एक पेड दुसऱ्याभोवती किती वेळा गेला आहे ती संख्या ठरलेली असते. तिला लिंकिंग नंबर म्हणतात. तुम्ही डीएनए वाकवा, ताणा, गुंडाळा, ती संख्या हलत नाही. फक्त पेडांमधला पीळ आणि सबंध दोरीची आढी यांच्यात ती वाटली जाते. एक वाढले की दुसरे घटते. ती संख्या बदलायची तर पेड कापावाच लागतो, आणि कापून, पीळ सोडून, पुन्हा जोडायचे काम टोपोआयसोमरेज करतात. पेशीने कापल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही म्हणूनच ही विकरे जीवसृष्टीच्या सर्व शाखांत आढळतात.

जेम्स वांग यांनी यातले पहिले विकर 1971 साली ई. कोलायमधून शोधले, तेव्हा त्याला ओमेगा प्रथिन म्हणत. आज त्याला टोपो-एक म्हणतात. 1976 साली मार्टिन गेलर्ट आणि सहकाऱ्यांनी गायरेज शोधले. या दोघांची कामाची दिशा एकमेकांविरुद्ध आहे. जिवाणूतले टोपो-एक फक्त उणा पीळ सोडवते, अधिक पिळाला सहसा हात लावत नाही, कारण पकडायला त्याला सुटलेला एक पेड लागतो आणि आवळलेल्या डीएनएत तो मिळत नाही. गायरेज एटीपी (पेशीचे ऊर्जा-इंधन) खर्चून दोन्ही पेड कापते, त्या खिंडीतून डीएनएचा दुसरा तुकडा पलीकडे नेते आणि पुन्हा जोडते. एका फेरीत लिंकिंग नंबर 2 ने घटतो. म्हणजे अधिक पीळ असेल तर तो पुसला जातो, नसेल तर उणा पीळ भरला जातो.

आता 1980 च्या दशकातल्या दोन निरीक्षणांकडे या. जिवाणूंना गायरेज रोखणारे औषध दिले की त्यांच्यातल्या प्लाझ्मिडवर अधिक पीळ चढलेला सापडे. हे 1983 साली दिसले. गायरेज बंद पडल्यावर पीळ फार तर सैल पडायला हवा होता. अधिक पीळ आला कुठून? उलट, टोपो-एक नसलेल्या जिवाणूंत पीबीआर 322 या प्लाझ्मिडवर प्रमाणाबाहेर उणा पीळ सापडला, आणि तो प्लाझ्मिडवरचे टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाच्या प्रतिकाराचे जनुक वाचले जात असेल तरच सापडे. 1987 साली लेरॉय लिऊ आणि जेम्स वांग यांनी या कोड्याला एकच उत्तर दिले. पॉलिमरेज न फिरता पुढे जाते, पुढे अधिक आणि मागे उणा असे पिळाचे दोन जुळे प्रदेश तयार होतात, आणि ते वेगवेगळी विकरे साफ करतात. पुढे गायरेज, मागे टोपो-एक. दोघे कामावर असतील तर काहीच दिसत नाही. गायरेज काढून घ्या: मागचा उणा पीळ टोपो-एक साफ करत राहते आणि पुढचा अधिक पीळ उरतो. टोपो-एक काढून घ्या: पुढचा साफ होतो, मागचा उणा साठतो. तुमचा शून्याचा हिशेब कुठे चुकतो ते इथे दिसते. बेरीज शून्य आहे, पण दोन बाजू वेगवेगळ्या हातांनी साफ होतात. एक हात थांबला की शून्य उरत नाही.

हे सगळे जेलवर नुसत्या डोळ्यांनी पाहता येते आणि ज्याला शक्य असेल त्याने एकदा तरी पाहावे. पीबीआर 322 मध्ये 4361 बेस-जोड्या आहेत, म्हणजे अधिक किंवा उणा पीळ नसताना सुमारे 415 वेढे. पेशीतून काढला की त्यात साधारण 25 वेढे कमी सापडतात. साध्या ॲगरोज जेलवर हे सगळे रेणू एकाच जाड पट्टीत गर्दी करतात, कारण सगळेच घट्ट गुंडाळलेले असतात आणि सारख्याच वेगाने पळतात. पण जेलमध्ये आणि बफरमध्ये (जेल ज्यात बुडवतात त्या द्रवात) थोडे क्लोरोक्विन घातले, हो, मलेरियाचेच, तर ते बेस-जोड्यांच्या मध्ये शिरून पीळ थोडा सोडवते, आढ्या कमी होतात, आणि त्या एका पट्टीची शिडी होते. शिडीची प्रत्येक पायरी म्हणजे शेजारच्या रेणूपेक्षा बरोबर एक वेढा कमी किंवा जास्त. अर्धी पायरी कधीच नसते. पहिल्यांदा ती शिडी पाहिली तेव्हा मी वेढे बोटाने मोजत बसलो होतो. गणितातली पूर्ण संख्या रसायनात अशी उघडी दिसते हे मला आजही विलक्षण वाटते.

एक सावधगिरी: जेल चालून संपेपर्यंत त्यात इथिडियम ब्रोमाइड हा डीएनए रंगवणारा पदार्थ घालू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने सवयीने घातले आणि तीन दिवसांचे काम एका पट्टीत गोळा झाले. इथिडियमही जोड्यांमध्ये शिरते, आणि क्लोरोक्विनपेक्षा फार जोराने पीळ बदलते. आधी जेल चालवा, क्लोरोक्विन धुऊन काढा, मग रंगवा.

इथे एक शंका यायला हवी. प्लाझ्मिड गोल आहे, मग पुढचा अधिक पीळ वर्तुळाच्या पलीकडच्या बाजूने जाऊन मागच्या उण्याला का भेटत नाही? भेटतो, आणि पुष्कळदा दोन्ही फिटतात. प्लाझ्मिडवर मोठा असमतोल दिसायला पॉलिमरेज कुठेतरी खिळलेली असावी लागते. टेट्रासायक्लिन-प्रतिकाराचे प्रथिन पेशीपटलात बसणारे आहे. पॉलिमरेज अजून जनुक वाचत असते, रायबोसोम प्रथिन बनवत असतात, आणि त्या प्रथिनाचे पुढचे टोक पटलात शिरलेले असते. डीएनए, आरएनए, रायबोसोम, पटल अशी सगळी साखळी एकमेकांना बांधली जाते आणि पॉलिमरेजला फिरायला जागाच उरत नाही. पेन्सिल आडवी घट्ट धरणारा हात तो हाच.

आता तुमच्या मोकळ्या टोकांकडे. लहान, सरळ डीएनए असता तर तुमचे म्हणणे खरे ठरले असते. 1956 सालीच लेव्हिंथॉल आणि क्रेन यांनी दाखवले होते की डीएनए वेगमापकाच्या केबलसारखा स्वतःच्या अक्षाभोवती फिरला तर द्रवाचा विरोध फारसा नसतो. पण पेशीतला डीएनए सरळ नसतो. तो नैसर्गिकरीत्याच वाकडातिकडा असतो, हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, प्रथिनांनी फासात बांधलेला असतो. वाकडी तार फिरवायची तर तिचा प्रत्येक वाकडा भाग द्रवातून फेकला जातो. गुणसूत्राचे टोक कोट्यवधी जोड्या दूर असते. त्या टोकाला वळण पोहोचण्याआधीच पॉलिमरेजच्या शेजारचा डीएनए आवळून जातो. म्हणून पेशीत पीळ हा नेहमी स्थानिक प्रश्न असतो, आणि तो जिथे निर्माण होतो तिथेच सोडवावा लागतो.

आपल्या पेशींतले टोपो-एक जिवाणूंतल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे आहे, आणि ते अधिक व उणा दोन्ही पीळ सोडवते. ते एकच पेड कापते, कापलेल्या टोकाला आपल्यातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाने धरून ठेवते, आणि दुसरे टोक न कापलेल्या पेडाभोवती फिरू देते. एटीपी लागत नाही, कारण साठलेला पीळच ते टोक फिरवतो. काही वेढे सुटले की टोक पुन्हा जुळते. दुसरे विकर, टोपो-दोन, गायरेजसारखे दोन्ही पेड कापते. यीस्टमध्ये एक गेले तर दुसरे ट्रान्सक्रिप्शनपुरते बरेच सांभाळून घेते, पण दोन्ही गेली की सर्वांत आधी फटका बसतो तो रायबोसोमल आरएनएच्या जनुकांना, जिथे पॉलिमरेजची रांग लागलेली असते. उंदरात टोपो-एकचे जनुक काढले तर गर्भ काही पेशींच्या अवस्थेपुढे जात नाही.

जनुक जितके लांब तितका हा भार मोठा. माणसाचे डिस्ट्रोफिनचे जनुक सुमारे 22 लाख बेस-जोड्यांचे आहे. एका पॉलिमरेजला ते संपवायला 16 तासांच्या आसपास लागतात, आणि त्या प्रवासात डीएनए 2 लाखांहून अधिक वेढे फिरतो. 2013 साली उंदराच्या चेतापेशींवर झालेल्या प्रयोगांत टोपो-एक औषधाने रोखले तेव्हा लांब जनुकांचे वाचन घटले, आखूड जनुकांचे फारसे नाही. त्या लांब जनुकांत ऑटिझमशी जोडलेली अनेक होती. चेतापेशी विभागत नाहीत, त्यांना डीएनएची प्रत काढायची नसते, तरी पिळाचा प्रश्न त्यांना आयुष्यभर सोडवत राहावा लागतो. विकर कापलेल्या टोकालाच अडकून बसले तर ते सोडवणारे एक वेगळे विकर असते, टीडीपी-एक. त्यातल्या एका जन्मजात दोषात शरीराचा तोल आणि हातापायांच्या नसा बिघडतात.

कर्करोगावरची कॅम्प्टोथेसिन गटातली औषधे याच क्षणावर बोट ठेवतात. पेड कापलेला आहे, अजून जुळलेला नाही, त्या फटीत औषध शिरते आणि जुळू देत नाही. पेशी विभागायच्या तयारीत असेल तर प्रत काढणारी यंत्रणा त्या फटीवर येऊन आदळते आणि दोन्ही पेड तुटतात. 2007 साली एकेका रेणूवर असेही दिसले की या औषधाने अधिक पीळ सुटण्याचा वेग उण्यापेक्षा जास्त मंदावतो. म्हणजे तुटण्याखेरीज पॉलिमरेजच्या पुढचा आवळ हाही या औषधाचा एक परिणाम आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके हाच डाव जिवाणूंच्या गायरेजवर खेळतात.

आतापर्यंत मी पिळाला अडथळा म्हणूनच रंगवले, पण तेवढेच म्हणणे अन्यायाचे होईल. मागे राहिलेला उणा पीळ पेड उघडायला मदत करतो. शेजारच्या जनुकाचा प्रमोटर (वाचन जिथून सुरू होते तो भाग) त्या पट्ट्यात असेल तर तो सहज उघडतो. पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना जाणारी दोन जनुके एकमेकांना असा हात देतात, आणि समोरासमोर येणारी दोन जनुके मधला डीएनए आवळून एकमेकांना अडवतात. माणसाच्या सी-मिक जनुकाच्या सुमारे दीड हजार जोड्या मागे एक तुकडा आहे. जनुक जोरात वाचले जाऊ लागले की उण्या पिळाने तो उघडतो, आणि उघडलेल्या पेडाला बसणारे एक प्रथिन तिथे येऊन वाचनाचा वेग सांभाळते. जणू पिळाने चालणारे मापयंत्रच. न्यूक्लिओसोममध्ये, म्हणजे हिस्टोनभोवतीच्या गुंडाळीत, डीएनए डावीकडे वळलेला असतो. म्हणून पुढचा अधिक पीळ त्याला सैल करतो आणि मागचा उणा पीळ त्याला पुन्हा बसायला मदत करतो. आणि मर्यादा ओलांडली तर तोच उणा पीळ नुकसानही करतो: उघडलेल्या पेडावर नवा आरएनए परत चिकटतो आणि वाट अडवतो. टोपो-एक नसलेल्या जिवाणूंची वाढ असा चिकटलेला आरएनए कापणारे विकर जास्त दिले की काही अंशी सुधारते.

जिवाणूंमध्ये एखादे जनुक जोरात चालू असून मधूनच पूर्ण थांबते आणि पुन्हा सुरू होते, त्यामागेही 2014 सालच्या प्रयोगांत पीळच निघाला. बांधलेल्या तुकड्यावर अधिक पीळ साठत जातो, वाचन मंदावते, मग नवी सुरुवातच बंद होते. गायरेज येऊन बसले की पुन्हा झरा वाहू लागतो.

आता ती दोरी परत घ्या आणि पहिल्या पेन्सिलीच्या मागे दुसरी पेन्सिल खुपसा. दोन्ही एकाच वेगाने, आडव्या धरून, पुढे सरकवा. पहिलीने मागे सोडलेला सैलपणा आणि दुसरीने पुढे ढकललेला आवळ मधल्या पट्ट्यात एकमेकांना फेडतात, आणि मधली दोरी जशीच्या तशी राहते. ताण उरतो तो फक्त पहिलीच्या पुढे आणि शेवटचीच्या मागे. रांगेत दहा पेन्सिली असल्या तरी ताणाच्या जागा दोनच. 2019 साली ई. कोलायमध्ये हेच मोजले गेले: एका जनुकावर पॉलिमरेजची रांग असेल तर त्या एकमेकींना दूरवरूनही वेग राखायला मदत करतात, आणि प्रमोटर बंद करून मागून नव्या येणे थांबवले की आधीच वाटेवर असलेल्याही मंदावतात. दुसरी पेन्सिल जागीच धरून ठेवा आणि पहिली एकटी पुढे ढकलून पाहा. ती काही बोटांतच अडेल.